घड्याळजी & मुलगी

थोर प्रेमाच्या वाटेत नाव आडवं येतंच. नावापायी घराणी भांडली, सोयरिकी मोडल्या, भल्याभल्यांनी घरदार सोडलं. या गोष्टीतही नावच आडवं आलं. फक्त ते कॉम्प्युटरला आलं, आणि भांडण जेवणाच्या सुट्टीआधीच मिटलं.

चौथ्या मजल्यावर नव्याने रुजू झालेली मुलगी खिडकीशी बसून एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. तिचा पहिलावहिला प्रोग्राम संध्याकाळी सगळ्यांसमोर दाखवायचा होता. नाहीतर तो दुसऱ्याच्या हाती जाणार होता. पण बिल्ड होईना, म्हणजे लिहिलेले तुकडे जुळून चालता प्रोग्राम काही बनेना. पडद्यावर लाल ओळ उमटे: 'मुलगी' ही आज्ञा ओळखता आली नाही.

"आज्ञेचं आणि माझं जमत नाही, हे यालाही कळलं वाटतं," ती पुटपुटली.

मागे कुणीतरी हसलं. तो बिल्डवाला होता. सगळ्यांचे बिल्ड ज्या स्क्रिप्टने, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमांच्या यादीने होत, ती त्याने लिहिली होती, आणि तिचं तो असं कौतुक सांगे, की जणू ती बोर्डात पहिली आली होती.

"उठा जरा," म्हणत तो तिच्या खुर्चीत बसला. ती उभी राहिली.

"स्क्रिप्ट चोख आहे. खोट तुमच्या युजरनेममध्ये आहे," तो म्हणाला. "'घड्याळजी & मुलगी'... हे & दिसलं की मशीनला वाटतं, एक हुकूम संपला, दुसरा सुरू. घड्याळजींपाशी थांबतं आणि मुलीला कामाला जुंपतं. नाव बदला, चुटकीसरशी होईल."

"नाही बदलणार."

"अहो, एक चिन्ह तर काढायचंय..."

"ते चिन्ह बाबांच्या दुकानाच्या पाटीवर आहे. लहानपणी मी पहिलं बंद घड्याळ चालू केलं, त्या दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बोलावून पाटीवर मला जोडलं. लोक म्हणाले, मुलगी उद्या सासरी जाईल. बाबा म्हणाले, जाईल, पाटी नाही जाणार." तिने श्वास घेतला. "हा लॅपटॉप त्यांनी दिला, नावही त्यांनीच टाकलं. बदलायचीच तर तुमची स्क्रिप्ट बदला."

त्या स्क्रिप्टला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. बिल्डवाल्याने वर पाहिलं. मान ताठ, आवाज शांत, फक्त कानाची पाळी लाल झालेली... त्याचा अभिमान तिथेच मुकाट्याने खाली बसला.

त्याने स्क्रिप्ट उघडली. जिथे जिथे नाव येई, तिथे त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली; हे सगळं मिळून एकच आहे, मध्ये तोडू नकोस, असं मशीनला बजावलं. बटण तिने दाबलं. हिरवी ओळ आली.

संध्याकाळी मोठ्या पडद्यावर प्रोग्राम चालला आणि कोपऱ्यात अख्खं नाव झळकलं. साहेबांनी विचारलं, हे मध्ये काय आहे? ती तोंड उघडायच्या आत बिल्डवालाच पाटीची गोष्ट सांगू लागला, रंगाऱ्याची शिडी जणू त्यानेच धरली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग तो रोज यायला लागला. नाव अजून चालतंय ना, ते तपासायला. तिच्याच खुर्चीत बसून. तपासणी लांबत गेली. नावात मात्र काही बिघाड सापडेना.

एका दुपारी तो कीबोर्डकडे बघत म्हणाला, "त्या पाटीवर... अजून जागा आहे?"

"कशाला?"

"मुलगीनंतर आणखी एक &..."

"पुन्हा बिल्ड फुटेल."

"नाही फुटत. करून पाहिलंय."

तिने वाकून पाहिलं. खरंच, हिरवी ओळ होती.

"बाबा आधी घड्याळ उघडायला लावतील," ती हसू दाबत म्हणाली.

"उघडीन."

"परत जोडावंही लागतं."

त्याने डोकं खाजवलं.

"शिकवीन मी," ती म्हणाली. "पण आधी खुर्चीतून उठतोस का? पाय दुखायला लागलेत."