आप्पांच्या पोटातला वंश

तालमीच्या कोपऱ्यावरच्या दूधकट्ट्यावर सकाळी म्हशी उभ्या राहतात, लोक पेले घेऊन भोवती थांबतात आणि समोर काढलेली धार फेसासकट पेल्यात पडते. कोल्हापुरात हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. बदललं आहे ते एवढंच, की भरलेला पेला आता कुणी लगेच तोंडाला लावत नाही. आधी दुधात बोटभर लांबीची एक मागपट्टी बुडते. तिचं टोक हिरवं होईपर्यंत सगळे थांबतात. तोवर फेस बसतो आणि धारेची ऊब थोडी कमी होते.

"काय गं संयू, आज बी आधी कागूदच पिणार व्हय?" हिंदुराव पैलवानांनी विचारलं.

"तो पितोय तोवर तुम्ही बैठका मारा की, काका."

"गुडघं ऱ्हायल्यात कुठं आता? आप्पा असता तर पयला गलास त्येनं मारला असता. मग आमचा."

बोलून गेले आणि मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघू लागले. संयोगितानं मैना म्हशीच्या कासेवर पाण्याचा हबका मारला. पट्टी हिरवी झाली होती.

पहिला पेला गवळ्यानं स्वतः प्यायचा, ही आप्पांची रीत. गिऱ्हाइकाला त्याहून मोठी खात्री कोणती द्यायची, असं ते म्हणत. मागपट्टी सक्तीची झाली तेव्हाही त्यांनी ती रीत सोडली नाही. पट्टी दुधात आणि पेला तोंडाला, दोन्ही एकाच वेळी. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी काजळी म्हशीच्या दुधात बुडवलेली पट्टी लाल झाली, तेव्हा आप्पांचा पेला रिकामा झालेला होता. ते नुसतं हसले. कट्ट्यावर दुसऱ्या कुणी ते दूध प्यायलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना रक्ताची हगवण लागली, मग मूत्रपिंडं थांबली, आणि सांगलीच्या कॉलेजात भूगोल शिकवणारी त्यांची एकुलती एक मुलगी संयोगिता रजा टाकून आली, ती आप्पांना स्मशानात पोचवून गोठ्यातच राहिली.

कट्टा उरकून ती घरी आली तर डॉक्टर मुजावर गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्या सरकारी पशुवैद्य. काजळीच्या शेणाचा नमुना त्यांनीच नेला होता. काजळीच्या कानात लाल बिल्ला होता. तिचं दूध रोज काढावं लागे आणि चुना घातलेल्या खड्ड्यात ओतावं लागे.

"हिला काही झालेलं नाही आणि होणारही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या जिवाणूचं विष म्हशीला बाधत नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला बाधतं. ही नुसती सांभाळते त्याला."

"आणि हिच्याकडे आला कुठून? बाजारातून आणलेल्या जनावरांकडून?"

मागपट्टीला तिचं नाव मिळालं ते याच कामामुळे. दूध चांगलं की वाईट एवढंच ती सांगत नसे. जिवाणूच्या गुणसूत्रातली अक्षरं वाचून त्याचा माग काढी: तो कुठल्या गोठ्यातला, कुठल्या जनावरातला, त्याच्या आधीच्या पिढ्या कुणाच्या पोटात वाढल्या. पट्टीची सरकारी योजना सुरू झाली तेव्हा गुरांबरोबर गवळ्यांच्याही आतड्यांतले नमुने घेतले होते. त्यातून जिवाणूंची एक प्रचंड वंशावळ तयार झाली होती.

डॉक्टरांनी काजळीच्या कानातला बिल्ला सरळ केला. "संयोगिताताई, तो तुमच्या वडिलांचा आहे."

"म्हणजे?"

"त्यांच्या पोटात हा वंश वर्षानुवर्षं होता. निरुपद्रवी. तुमच्या-माझ्या पोटात असे कितीतरी असतात. त्यांच्याकडून तो हिच्याकडे आला. हिच्या पोटात एका विषाणूनं त्याला विष तयार करायची कृती दिली. मग धार काढताना शेणाचा कण दुधात गेला असेल, आणि तो परत त्यांच्याकडे गेला."

कसा आला असेल हे संयोगिताला विचारावं लागलं नाही. आप्पा जेवण गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून करत. ताटातली उरलेली भाकरी कालवणात कुस्करून काजळीच्या तोंडात घालत, मनगटापर्यंत हात आत. ती त्यांची बोटं चाटून काढी. आई गेल्यापासून ते असेच जेवत होते.

डॉक्टरांनी पेटीतून एक बाटली काढली. "हे भक्षक. हेसुद्धा विषाणूच, पण हा एकच वंश खाणारे. बाकी कशाला हात लावत नाहीत. गुळाच्या गोळ्यातून द्या. महिन्याभरात बिल्ला निघेल."

संयोगितानं बाटली घेतली, पण गुळाचा डबा काढला नाही. काजळीनं मान लांब करून तिच्या खांद्याला नाक लावलं. ओलसर, उष्ण श्वास.

"म्हणजे आप्पांच्या अंगातलं काहीतरी अजून हिच्यात जिवंत आहे," ती म्हणाली.

"ज्यानं त्यांना मारलं, तेच."

"हो. तेच."

 डॉक्टरांनी स्वतःच गूळ मागितला, त्यात भक्षक मिसळून गोळा वळला आणि तिच्या हातात ठेवला. काजळी दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नव्हती. संयोगितानं तो भरवला. काजळीनं तिचीही बोटं चाटली, मुकाट्यानं, नीट, एकेक करून.

"आता तुमची पट्टी," डॉक्टर म्हणाल्या. "घरातल्या माणसात तो जुना वंश असेल, तर पुन्हा हिच्यात जाईल आणि पुन्हा फिरून येईल. तपासावंच लागेल. निकाल उद्या कळवते."

नमुना घेतलेली पट्टी संयोगितानं डॉक्टरांना परत दिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात काहीतरी मागतो आहोत. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मागायची तसं. ती लहान होती तेव्हा तिचं जेवणही त्याच उंबऱ्यावर, त्याच ताटात, त्याच हातानं होई. तिखट लागलं तर आप्पा घास आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघत आणि मग तिला देत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून परतताना डॉक्टरांचा फोन आला. तिच्या पोटात तो वंश होता. जुना, विष न शिकलेला.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मैना दावं ओढत होती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तिला नीट रडू आलं, आणि त्यात आनंदही होता, हे तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं. आपला हात तिनं पोटावर ठेवला. आत काही हलत नव्हतं, अर्थात.

"दोन वाटा आहेत," डॉक्टर सांगत होत्या. "तुम्हीही भक्षक घ्यायचं. किंवा काजळी दुसऱ्या गोठ्यात द्यायची, आणि तुम्ही गुरांचं काम सोडायचं."

काजळीची वार्ता हिंदुरावांना कळायला वेळ लागला नाही. ते दुपारी घरी आले. "माझ्या गोठ्यात बांधतो तिला. लेकीवाणी ठेवीन. पन पोरी, तिला पान्हा फुटतो त्यो तुझ्या नायतर आप्पाच्या आवाजावर. मी काय गाऊ तिच्याम्होरं? माझ्या आवाजानं तर बायकू बी पळती."

ती हसली. ते गेल्यावर गोठ्यात येऊन बसली. काजळी आप्पांना सोळा आणे ओळखत होती. त्यांची चाहूल लागल्यासारखी अजून कधी कधी कान टवकारी. ती गेली तर आप्पांना असं ओळखणारं घरात कुणीच उरणार नव्हतं. आणि पोटातले ते कोट्यवधी जीव, ज्यांच्या आधीच्या पिढ्या आप्पांच्या आत वाढल्या, त्यांना आप्पा कोण हेही ठाऊक नव्हतं. तरी आप्पांच्या शरीरातलं जिवंत असं तेवढंच शिल्लक होतं.

माणसांसाठीची बाटली लहान होती. झाकण उघडून तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"घेतल्यावर काही जाणवतं का?"

"काहीच नाही. पोटसुद्धा दुखत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तरी काही नाही. इतकी वर्षं कुठे जाणवलं होतं?"

तिनं फोन ठेवला. बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं, त्याला वासही नव्हता. जे होतं तेव्हा कळलं नाही आणि जाईल तेव्हाही कळणार नाही, त्याचा निरोप माणसानं घ्यायचा तरी कसा?