मागचं डावं दार

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकून पुढं ढकलत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या, राजेश्रीताईच्या घरात घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं खोटी म्हणावी. मी भांडणार नाही.

गाव ताडकळसजवळचं. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण घर अजून तिथंच आहे... आणि गाडीसुद्धा.

मागच्या वर्षीचा जानेवारी. परभणीची थंडी ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. पहाटे हौदातलं पाणी हाताला चावतं, बोटं आपली वाटत नाहीत.

ताईचे मालक योगीराज दाजी. थोडा ऊस, थोडी हळद, आणि दारात एक जुनी डिझेल जीप. गाडी तशी गुणाची, पण थंडीत हट्टी. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झाली असं कधी व्हायचं नाही. दाजी म्हणायचे, "म्हातारी हाय, उठायला टाइम लागतो."

घरात दाजींचे वडील व्यंकटराव, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आणि अण्णांच्या मोठ्या भावाची बायको, केशरबाई. दाजींची आई ते पाळण्यात असतानाच गेली. त्यांना वाढवलं ते या मोठीआईनं.

त्या पहाटे मोठीआईच्या छातीत दुखायला लागलं. एवढ्या थंडीत तिला घाम फुटला होता. ॲम्ब्युलन्स लांबच्या गावाला गेलेली. दाजींनी तिला गोधडीत गुंडाळलं, जीपचं मागचं डावं दार उघडलं आणि सीटवर आडवं ठेवलं.

चावी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला. विझला.

सेल्फ मारला.

घर्रर्र... घर्रर्र... घर्रर्र...

इंजिन धरेना.

मागून पांढरा धूर यायचा, एखादा ठोका पडायचा, की परत गप्प. शेजारची माणसं धक्का मारायला आली. अण्णांनी चुलीवरचं गरम पाणी आणून इंजिनावर ओतलं. बॅटरी दमत चालली.

मोठीआई मागून विचारत होती.

"निघाली का रं गाडी?"

"निघायली, मोठीआई."

थोड्या वेळानं परत.

"योगी, निघाली का?"

दाजी काय सांगणार? ते म्हणाले, "निघाली. फाट्याला आलो बघ."

गाडी अंगणातच होती.

त्यानंतर मागून काही विचारणं झालं नाही.

इंजिन धरलं तेव्हा ऊन पडलं होतं. ताईनं गोधडी नीट करायला मागचं दार उघडलं. पायाला हात लावला. मग दाजींकडं बघून नुसती मान हलवली.

दाजींनी चावी बंद केली.

ते रडले नाहीत. तेराव्यालाही नाही. लोक म्हणाले, बाप्या माणूस, आतल्या आत ठेवतोय. ताई मला म्हणाली, "आत काही न्हाईच रे. नुसते बधिर झालेत." वाढलं की जेवायचे. विचारलं की बोलायचे. पानात मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत.

मनावर घेतलं ते एकच. गाडी.

ताडकळसला धम्मपाल मिस्त्रीकडं त्यांनी ती नेऊन लावली आणि दिवसभर शेजारी बसून राहिले. धम्मपालनं शोधून काढलं. इंजिन तापवणारे दोन हीटर प्लग जळालेले. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर. रात्रीतून डिझेल मागं उतरायचं आणि लाइनमध्ये हवा शिरायची. सगळे प्लग नवे बसवले, पाइप बदलला, बॅटरी नवी घातली.

"भाऊ, आता बर्फ पडला तरी चालू होती बघा," धम्मपाल म्हणाला.

पण तोवर महाशिवरात्र आली होती. थंडी शिव-शिव म्हणत निघून गेली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गाडी कधीही बघा, एका सेल्फमध्ये चालू.

दिवाळीनंतर अण्णांच्या किडनीचं निघालं. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. नंबर सकाळी लवकरचा, म्हणजे घरातून उजाडायच्या आत निघायचं.

पहिली कडाक्याची थंडी पडली...

आणि त्या पहाटे गाडी चालू झाली नाही.

तोच पांढरा धूर. तोच एखादा ठोका. अण्णा पुढच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेले. ऊन आलं आणि गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी चालू झाली. अण्णांचा नंबर गेला. दुसऱ्या बारीलाही गेला. अण्णांचे पाय सुजले, श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की आता एकही बारी चुकवू नका.

धम्मपाल स्वतः पहाटे येऊन थांबला. त्यानं प्लग काढून बॅटरीला लावून बघितले. निखाऱ्यासारखे लाल झाले. डिझेल भरपूर. लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा नाही. सेल्फ जोरात फिरत होता.

इंजिन धरेना.

"सगळं जागेवर हाय, भाऊ," तो म्हणाला. मग बराच वेळ हात पुसत राहिला. "मला कळंना."

तेवढ्यात ताईच्या लक्षात आलं की अण्णांचं पांघरूण घरातच राहिलं. ती घेऊन आली, मागचं डावं दार उघडलं. पांघरूण आत ठेवलं. क्षणभर तशीच उभी राहिली आणि दार लावलं.

धप.

दाजींचा हात चावीवरच होता. त्यांनी सहज फिरवली.

पहिल्या ठोक्याला चालू.

धम्मपाल म्हणाला, "लागली ना शेवटी." पण त्याचा आवाज खुशीचा नव्हता.

पुढच्या बारीला पहाटे परत तेच. सेल्फ फिरतोय, इंजिन मुकं. दाजी खाली उतरले. मागं गेले, डावं दार उघडलं, लावलं. येऊन चावी फिरवली.

चालू.

ताई ओट्यावर उभी होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्या दिवसानंतर तो रिवाजच झाला. अण्णा पुढं बसले की ताई मागचं दार उघडायची. म्हाताऱ्या माणसाला चढायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायची. मग लावायची.

गाडी एका सेल्फमध्ये चालू.

मी ताईला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "अण्णाला न्यायचं होतं. भ्यायला येळ कुठं होता?"

मग काच...

मागच्या सीटवर कुणी नसायचं. तरी डाव्या काचेवर आतून वाफ धरायची. तळहाताएवढी. आणि बसलेल्या माणसाच्या तोंडाजवळ नाही. अगदी खालच्या कडेला. सीटवर आडवं झोपलेल्या माणसाचा श्वास जिथं लागेल तिथं.

दाजींनी एकदा गाडी थांबवून ती पुसली. पूल ओलांडायच्या आत परत आली.

एके पहाटे रस्त्यात अण्णा मध्येच "हं" म्हणाले.

थोड्या वेळानं परत, "हं... हं..."

दाजींना वाटलं, झोपेत बडबडायलेत. पण अण्णांचे डोळे उघडे होते.

"अण्णा, कुणाला बोलायलाव?"

"वहिनीला."

दाजींनी समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"काय म्हणती?"

"इचारायली, निघाली का गाडी."

"मग तुमी काय म्हणलाव?"

"म्हणलं, निघाली." अण्णांनी शाल ओढून घेतली. "दर बारीला तेच इचारती बघ. एवढे फाटे मागं पडले, तरी तिला गाडी दारातच वाटती."

गाडी चांगल्या वेगात चालली होती. दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं मागं पळत होती...

दाजींनी हे ताईला सांगितलं ते तीन-चार वाक्यांत, बाजारभाव सांगावा तसं. त्या रात्री मात्र जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी, अण्णांची बारी नसताना, पहाटे उठले. गोधडी घेतली. मागचं दार उघडलं, सीटवर गोधडी अंथरली, दार लावलं आणि एकटेच निघाले.

वाटभर ते बोलत गेले. पुढं कोणतं गाव आलं, कुणाच्या रानात ऊस तुटला, शिवारात कुठं हरभरा लागला... सगळं. मागून उत्तर आलं नाही. त्यांना ऐकू येण्यासारखं तरी नाही.

परभणीला दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी लावली. मोठीआईला जिथं न्यायचं होतं तोच हा दवाखाना. अजून उजाडलं नव्हतं. ते उतरले आणि मागचं डावं दार उघडून धरलं.

"मोठीआई, आलो. उतर."

थांबले. हाताची बोटं बधिर झाली, तरी धरूनच राहिले. समोरच्या चहावाल्यानं स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, तोवर दार तसंच होतं.

मग लावलं.

काच कोरडी होती.

परत येईपर्यंत कोरडीच राहिली. ताईला ते म्हणाले, "तिथं चहा घेतला. गोड लागला." वर्षभरात त्यांच्या तोंडून चवीचं काही निघालं ते हेच. ताई आत जाऊन रडून आली.

पुढच्या बारीला अण्णा पुढं बसले. ताई मागच्या दाराकडं निघाली, तर दाजींनी हातानंच थांबवलं. चावी फिरवली.

चालू. दार न उघडता.

सगळं मिटलं असं ताईला वाटलं.

गाव मागं पडलं. मग...

"हं," अण्णा म्हणाले.

दाजींनी आरशात बघितलं. डाव्या काचेवर वाफ होती. या वेळी वर. बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर.

"अण्णा... मोठीआई हाय का?"

"वहिनी न्हाई." अण्णांनी मान हलवली. "ती उतरली तवाच."

"मग?"

"बाप्या हाय कुणीतरी. दवाखान्याच्या दारात चढला म्हणतो. दार उघडं दिसलं म्हणून."

दाजींनी गाडी थांबवली नाही. थांबवून करायचं काय?

"काय पायजे म्हणतो?"

"घरी सोडा म्हणायलाय."

"कोणत्या गावाला?"

अण्णा बराच वेळ ऐकत राहिले.

"नाव याद न्हाई म्हणतो. वाट दिसली की सांगतो."

त्या दिवसापासून डायलिसिस झालं की दाजी सरळ घरी येत नसत. कधी गंगाखेड रोडनं दैठण्याकडं, कधी झरीकडं, एकदा तर पार सेलूपर्यंत. प्रत्येक फाट्यावर गाडी हळू करायचे. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हे न्हाई."

पुढचा फाटा.

"हे बी न्हाई."

ताईनं विचारलं, हे कुठवर चालायचं? दाजी म्हणाले, "मीच दार उघडलं होतं ना."

संक्रांतीनंतर अण्णा गेले. झोपेतच, घरी. मी तेराव्याला गेलो होतो. दाजी पहिल्यासारखेच होते. पंगतीत वाढत होते, माणसांना पाणी विचारत होते, डोळे मात्र कोरडे.

दुसऱ्या पहाटे मला परभणीला रेल्वे गाठायची होती. दाजी म्हणाले, मी सोडतो. थंडी भयंकर होती. तरी जीप पहिल्या सेल्फला चालू झाली.

मी पुढं बसलो. मागं बघितलं नाही.

पहिला फाटा आला. दाजींनी गाडी हळू केली, थांबवली. इंजिन चालू. समोर धुकं. कच्चा रस्ता आत शेतात गेलेला.

"दाजी, का थांबलाव?"

"थांबतो थोडं," ते म्हणाले. "आता सांगणारं कुणी न्हाई. पर थांबतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. आवाज नाही, श्वास नाही, काही नाही.

तरी माझ्या तोंडून निघालं...

"हे न्हाई."

दाजींनी मान हलवली, गिअर टाकला आणि गाडी पुढं घेतली.

मी तसं का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर ताईचे दोनदा फोन आले, की दाजी विचारायलेत, तू पुन्हा कधी येतोस. मी अजून गेलेलो नाही.