घरात नाही घर

"ताकाचा गं डोंगर, त्यावर मुंगीचा नांगर,
बेडकाच्या लग्नात हत्ती वाढतो साखर,
घरात नाही कोनी बाई, घरात नाही घर…"

मुक्ताईचा हा आवाज नम्रताने लहानपणी ऐकला होता, वाशीमकडच्या गावात, तापाच्या साथीत. भर दुपारी दाराशी कुणीतरी यायचं आणि विचारायचं, घरात कोन हाये? नम्रताच्या वडिलांची आत्या मुक्ताई कडी न काढता आतूनच हे गाणं म्हणायची. मग पोरांना जवळ ओढून सांगायची, "घरात जे हाये ते सांगाचं नाही. जे नाही ते सांगाचं. म्हनजे ते वाट चुकते." पोरांची नावं धोंडू, केरू ठेवायची ती याचसाठी.

पुढे नम्रता पुण्यात शिकली, कर्वेनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. ते गाणं उरलं फक्त लेकीला, ऋचाला, झोपवण्यापुरतं.

यंदाचं साल सगळ्यांनाच जड चाललं होतं. सोसायटीतल्या निम्म्या घरांचा पगार खराडीच्या आयटी कंपन्यांतून यायचा, आणि खराडीत माणसं कमी करायचं काम चालू होतं. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस "काय म्हणताय?" एवढंही विचारायला कचरायचा. समोरचा खरंच काही म्हणाला तर काय करायचं?

चौथ्या मजल्यावरच्या दिग्विजयची नोकरी गेली आणि थोड्याच दिवसांत तो दुपारी झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, टेन्शन. तेराव्यानंतर त्याची बायको उत्कर्षा नम्रताकडे येऊन बसली. चहा निवला, साय धरली, तरी कप तसाच तिच्या हातात.

"त्या दुपारी इंटरकॉम वाजला होता," ती म्हणाली. "कोणी बाई होती. दमलेली वाटली. विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, हे आहेत ना, झोपलेत. ती बरं म्हणाली आणि ठेवला."

नम्रताने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. तिच्याही घरात तसलाच पिवळट पडलेला इंटरकॉम होता. गेटसाठी मोबाइलवरचं ॲप आलं, तेव्हापासून ती यंत्रं नुसतीच भिंतीवर राहिली होती. खाली जाऊन तिने वॉचमन मैनुद्दीनमामांना विचारलं.

"मॅडम, ती लाइन तर रंगकामातच कापली की," मामा म्हणाले. "वायरचं भेंडोळं केबिनमागं पडलंय, बघा."

तिने पाहिलं. भेंडोळ्यावरून मुंग्यांची एक रांग शिस्तीत चालली होती.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या विजयमालाकाकू गेल्या. त्याही दुपारी, पलंगावर, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला. सकाळीच त्या जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या होत्या, काल कुणा बाईचा इंटरकॉम आला होता, मी सांगितलं, मी एकटीच असते हो.

त्या रविवारी क्लबहाउसात सभा भरली. नम्रताला मुक्ताईची ती गोष्ट काढायची नव्हती. पण उत्कर्षा समोर बसली होती, म्हणून ती बोलली.

सोसायटीचे सेक्रेटरी उत्तरेश्वरकाका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आपलं म्हणणं असं, की मृत्यूला मराठी कळतं, पण विनोद कळत नाही."

"माझं म्हणणं काहीच नाही, काका. वाजला तर जे नाही ते सांगा, एवढंच."

काकांनी आपला इंटरकॉम भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला होता. पुढच्याच आठवड्यात तो माळ्यावरून वाजला. संध्याकाळी ते बागेत आले तेव्हा स्वर नेहमीचाच होता. "मी त्यांना सांगितलं, घरी एक हत्ती असतो आणि तो सध्या जेवतोय. पुन्हा फोन करू नये, हत्तीला आवडत नाही." जरा थांबून म्हणाले, "बाई बरं म्हणाल्या."

काकांना काही झालं नाही.

त्या दिवसापासून सोसायटी बिघडली, किंवा सुधारली म्हणा. काकांच्या दारावर नवी पाटी लागली: 'येथे तीन वांगी व एक सेवानिवृत्त समुद्र राहतात. बेल वाजवल्यास समुद्र दार उघडेल. पाय पुसून यावे.' मग दारोदारी असल्या पाट्या आल्या. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना ढगांचे भाव विचारू लागली. नोकरी गेलेला तेजस सांगायचा की तो हल्ली नदीला इस्त्री करून देतो. लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे आणि काही वेळा ते पाणी थांबायचं नाही. पण दुपारी कुणी गेलं नाही.

यात एकटा आनंद नव्हता. नम्रताचा नवरा. "मला नाही जमत असलं काही," तो म्हणायचा आणि सकाळी बॅग घेऊन खराडीला निघायचा. मात्र त्याच्या ऑफिसच्या ओळखपत्राचा निळा पट्टा कितीतरी दिवस दारामागच्या खुंटीवरून हलला नव्हता. दुपारी फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणणाऱ्या त्याच्या आवाजामागे पोपटांचा कलकलाट असायचा, एखाद्या बागेत असतो तसा. नम्रताने पट्टा पाहिला, पोपट ऐकले, आणि विचारलं नाही. सगळी इमारतच जे नाही ते सांगतेय, तिला वाटलं. त्यानेही सांगावं. संकट वाट चुकलं म्हणजे झालं.

थंडी सरता सरता काका एकदा तिला जिन्यात भेटले. दाढी वाढलेली.

"ती आता बरं म्हणत नाही," ते म्हणाले. "म्हणते, आणखी? हत्ती सांगितला, समुद्र सांगितला. आणखी कोण, आणखी कोण. माझ्याकडे आता शिल्लक काही नाही हो."

दोन दिवसांनी नम्रताच्या घरचा वाजला. तिने उचलला आणि मुक्ताईचं गाणं म्हणू लागली. ताकाचा डोंगर. मुंगीचा नांगर. हत्ती. साखर. श्वास घ्यायला ती थांबली.

पलीकडून पुढची ओळ आली. हळू, दमलेल्या, ओळखीच्या लयीत. "घरात नाही कोनी बाई, घरात नाही घर."

मग तोच आवाज म्हणाला, "हे झालं. आता सांग."

नम्रताने ठेवून दिला. संध्याकाळी तिने ऋचाला समोर बसवून बजावलं. उचलायचाच नाही. आणि चुकून उचललाच, तर जे नाही तेच सांगायचं, मग काही का असेना.

"माहितीये गं," ऋचा म्हणाली. "मी त्यांना लुगडं नेसलेला जिराफ सांगणार आहे."

परीक्षेच्या दिवसांत नम्रताला कॉलेजातून निघायला संध्याकाळ व्हायची. ऋचा शाळेतून आली की आपल्या किल्लीने दार उघडून घरात बसे.

त्या दिवशी नम्रता आली तेव्हा ऋचा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. दप्तर पाठीवर तसंच.

"काय गं? खाल्लंस का काही?"

ऋचाने भिंतीवरच्या इंटरकॉमकडे पाहिलं.

"वाजला होता?"

ऋचाने मान डोलावली.

नम्रता पाणी घ्यायला वळली. वळताना तिला दाराजवळचं चपलांचं रॅक दिसलं.

त्यात आनंदचे बूट होते.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आत पंखा चालू होता.

"बाबा कधी आला?"

"मला माहीत नव्हतं तो आलाय," ऋचा म्हणाली. "बूट मी आत्ता पाहिले."

नम्रता तिच्यासमोर खाली बसली. "ऋचा. काय सांगितलंस?"

पंख्याचा आवाज येत राहिला. ऋचाने तिच्या साडीचा काठ मुठीत धरला.

"जिराफ सांगितला. ती म्हणाली, आणखी? मग हत्ती, समुद्र, सगळं सांगितलं. ती आणखी आणखी करत राहिली. मग मला सुचेना. म्हणून मी जे नाही ते सांगितलं, आई. म्हटलं, बाबा आहे घरात."

"मग?"

"तिने विचारलं, काय करतोय?"

नम्रताने लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"मी म्हटलं, झोपलाय. मग ती बरं म्हणाली."