पिवळ्या हाताचं मंडळ

कुरुंद्याच्या शाळेत भूगोल शिकवणारे शिवशंकर सर सुट्टीत रहस्यकथा लिहीत. भडक मुखपृष्ठाच्या त्या कादंबऱ्या वसमतच्या बसस्थानकावर शेंगदाण्यांच्या पुड्यांशेजारी विकल्या जात आणि सरांना त्याचा कोण अभिमान! १९९७ साली एका कादंबरीसाठी त्यांनी एक गुप्त मंडळ रचलं. सभासदाची खूण म्हणजे बारमाही पिवळा उजवा तळहात. शेवटी रंगत यावी म्हणून एक नियमही घातला: घरच्यांनी आशा सोडली, की मंडळाने नेलेला माणूस कायमचा मंडळाचा. खूण त्यांना खिडकीतूनच सापडली होती. हळद शिजवायच्या दिवसांत अख्ख्या गावाचे हात पिवळे; म्हणजे सगळं गावच सभासद, असं म्हणून ते स्वतःशीच हसले होते.

पुढच्या आषाढात तांड्यावरचा प्रेमदास आपल्या आईला, नानीबाईला, घेऊन त्यांच्याकडे आला. धाकटा ओमप्रकाश हळदीच्या कामावर जायचा. पॉलिश करायच्या ढोलात त्याची उजवी अनामिका अर्धी तुटलेली. उन्हाळ्यात तो औंढ्याच्या बाजाराला गेला, तो परतलाच नाही. त्याच्या उशाशी सरांचं हेच पुस्तक होतं. प्रेमदासने ते आईला वाचून दाखवलं आणि तिथेच चुकलं. तेव्हापासून म्हातारी रोज ओमप्रकाशचं ताट वाढायची आणि स्वतः उपाशी बसायची.

"सर, लिवणाऱ्याचं तरी ऐकंल ती," प्रेमदास म्हणाला. "अशानं मरून जाईल."

सरांनी खरं आणि खोटं निवडून तिच्यापुढे ठेवलं. मंडळ खोटं, नियम खोटा. खरी फक्त हळद.

"मावशी, हे सगळं मी या खुर्चीत बसून रचलंय."

"मंग माझं लेकरू कुठंय?"

सरांनी प्रेमदासकडे पाहिलं.

"मंडळ हाये तवर त्ये जितं हाये," नानीबाई म्हणाली. "तुमी त्ये बी काढून घेऊन राहिले."

खोट्या आशेपेक्षा खरं दुःख बरं, असं सरांना मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "सोडा त्याची आशा. क्रियाकर्म करा. तुमची सुटका होईल."

श्रावणात ओमप्रकाशच्या नावाने पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. सर आवर्जून गेले. संध्याकाळी नानीबाई चार घास जेवली. प्रेमदासने सरांना हात जोडले आणि सर हलक्या मनाने घरी आले.

सकाळी प्रेमदास सायकलवर हजर. "चला," एवढंच म्हणाला. वाटेत शेतात हळद अजून हिरवी उभी होती. काढणीला कितीतरी अवकाश होता.

नानीबाईने त्यांना घरात घेतलं आणि दार लोटलं.

दाराच्या आतल्या बाजूला हळदीचा उजवा पंजा उमटला होता. ओला.

"कुणीतरी टारगटपणा केलाय," सर म्हणाले. "पुस्तक वाचलं असेल."

"कडी मीच लावली व्हती रात्री," प्रेमदास म्हणाला. "सकाळी बी लागेलच व्हती."

मग हलकेच म्हणाला, "बोट बघा, सर."

अनामिका अर्धीच उमटली होती.

सरांनी नानीबाईकडे पाहिलं. ती रडत नव्हती. दाराकडे पाहतही नव्हती.

"रोज वाढत व्हते," ती म्हणाली. "काल न्हाई वाढलं. तुमी सांगितलं म्हणून."

"मावशी..."

"ताट घासून पालथं घातलं व्हतं मी."

तिने चुलीकडे बोट केलं.

ओमप्रकाशच्या जागी ताट सुलटं मांडलेलं होतं. रिकामं. आणि त्यात, अन्न चाचपावं तशी बोटं फिरल्याच्या पिवळ्या रेघा होत्या.