लाइनवर माणूस आहे

हे खरं घडलंय. आमच्या भाऊजींच्या बाबतीत. ताईनेच मला सांगितलं.

भाऊजी विजेच्या नियंत्रण कक्षात इंजिनियर होते. वेळ भर दुपारची. सौर वीज धो धो येत होती...

आणि ढग आले.

दहा मिनिटांत सौर वीज निम्म्यावर. फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासवरून घसरायला लागला. आणखी घसरला असता तर अख्खं शहर बंद पडलं असतं. डोंगरावरच्या पवनचक्क्यांची वीज हवी होती. पण ती आणणारी लाइन दुरुस्तीसाठी बंद होती.

टॉवरवर लाइनमन होता. तो खाली उतरून फोन करणार, मगच लाइन सुरू करायची, असा नियम.

फोन आला नव्हता.

भाऊजींनी लाइन सुरू करायला सांगितली.

शहरातला एकही दिवा गेला नाही. लाइनमन मात्र गेला.

"त्याचा फोन आला होता," भाऊजींनी अहवालात लिहिलं. चूक मेलेल्याच्या माथी मारली. त्याची बायको सांगत राहिली, "ते असा फोन करणारच नाहीत." तिचं कोण ऐकणार?

तीन आठवड्यांनी, अशाच ढगाळ दुपारी, भाऊजींच्या टेबलावरचा फोन वाजला.

आधी नुसता वारा...

मग आवाज. "साहेब, मी अजून वरच आहे."

भाऊजींनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी आवाजाने विचारलं, "खोटं का लिहिलंत?"

भाऊजींचा बांध फुटला. अकरा मिनिटं ते बोलत होते. सगळं सांगितलं.

शेजारचा ऑपरेटर पांढराफटक पडला होता. "साहेब, कुणाशी बोलताय? फोन वाजलाच नाही."

पण अपघातानंतर कक्षातले सगळे फोन रेकॉर्ड व्हायला लागले होते, आणि हे संभाषणही झालं होतं. त्यात फक्त भाऊजींचा आवाज. आणि प्रत्येक वाक्यानंतर... वारा.

त्याच रेकॉर्डिंगमुळे भाऊजींची नोकरी गेली. लाइनमनच्या नावावरचा डाग पुसला गेला. ताईला वाटलं, आता तरी सुटलो.

सुटले नाहीत.

अजूनही ढग आले की भाऊजी जेवता जेवता हात थांबवतात. कान देऊन काहीतरी ऐकतात. मग उठून गच्चीचा जिना चढायला लागतात.

"कुठे निघालात?" ताई अडवते.

"तो म्हणतोय, आता तुम्ही वर या."

ताईने गच्चीच्या दाराला कुलूप लावलंय.

परवा दुपारी आभाळ भरून आलं. ताई धावत वर गेली.

कुलूप उघडं होतं...

किल्ली तिच्या पर्समध्येच होती.