फलक उजळले त्या सकाळी

कॅलिफोर्नियात फ्रेज्नो शहराच्या दक्षिणेला हायवेवर इतकं दाट धुकं उतरलं होतं, की टालिनला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. धुकं मोजणारी यंत्रं आणि विजेचे सूचनाफलक कुठे बसवायचे, याचा आराखडा करायचं काम रस्ते विभागाने तिच्याकडे दिलं होतं. जागा पाहायला म्हणून ती कडेला थांबली, तोच काचेवर थाप पडली.

"बाई, खाली उतरा. कठड्यापलीकडे चला, लगेच."

टोइंगच्या गाडीवरचा तो उंच माणूस इतक्या शांतपणे बोलला, की तिने मुकाट्याने ऐकलं. ती कठडा ओलांडते न ओलांडते तोच मागून आलेल्या ट्रकने तिची गाडी चेपून टाकली. त्याने तिच्या हातात थर्मासमधली कॉफी दिली. नाव सांगितलं – डेल्फिनो. ती इथे फलकांसाठी जागा पाहायला थांबली होती, हे ऐकल्यावर त्याने विचारलं,

"मग, जागा पसंत पडली?"

रडता रडता तिला हसू फुटलं.

पुढे धुक्यातल्या रस्त्याबद्दल शंका विचारायच्या निमित्ताने ती त्याला फोन करू लागली. रविवारी तो आईने केलेले तमाले, मक्याच्या पानात वाफवलेले, घेऊन यायचा. जुन्या अपघातांचा विषय निघाला, की मात्र विषय बदलायचा.

"तुझ्या शंका संपल्या तर?" त्याने एकदा विचारलं.

"नव्या काढीन," ती म्हणाली, आणि पुढचं... पुढचं दोघांच्याही ओठांवरच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत फलक उभे राहिले, चाचण्या तेवढ्या बाकी होत्या. डिसेंबरातल्या एका सकाळी कंट्रोल रूमच्या पडद्यांवर धुक्याखेरीज काही दिसेना. हायवेवरून वायरलेसवर डेल्फिनोचा आवाज आला : गाड्या एकमेकींवर आदळताहेत, मागच्यांना थांबवा. टालिन फलक चालू करा म्हणाली. तिथले साहेब अडून बसले. चाचणी न झालेल्या फलकांनी घोळ घातला तर जबाबदार कोण, म्हणून वाद घालत राहिले. शेवटी "मी," म्हणत तिनेच बटण दाबलं. फलक उजळले, मागच्या गाड्या मंदावल्या. पण एक ट्रक त्याआधीच फलक ओलांडून अपघाताच्या दिशेने निघून गेला होता.

हॉस्पिटलात ती पोचली तेव्हा डेल्फिनोचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पलीकडे तोंड करून तो तिच्याकडे न बघताच बोलला.

"निळ्या गाडीतली बाई... तिला बाहेर ओढत होतो, तिचा हात माझ्या हातात होता. ट्रक दिसला आणि मी उडी मारली. हात सोडला मी, टालिन. ती गेली."

'तुझा दोष नाही,' हे शब्द तिने गिळले. वाद न घालता आधीच बटण दाबलं असतं तर – हा काटा तिलाही सलत होता. तो तिने त्याला सांगितला.

"घरी जा," तो म्हणाला. "माझ्याजवळ आता चांगलं काही उरलं नाही."

"चांगलं बघायला नाही आले. तू हवा आहेस मला. हे सांगायला वर्ष घालवलं, आता नाही घालवणार."

त्याने तिच्याकडे वळायचा प्रयत्न केला... जमेना. तेव्हा तीच खुर्ची उचलून पलंगाच्या पलीकडे गेली, त्याचं तोंड होतं त्या बाजूला, आणि बसली.