व्हर्डेलच्या टाचेचा ताल

कॅन्सस सिटीच्या नाचघरात त्या रविवारी दुपारी पहिल्याच भरधाव गाण्याला व्हर्डेलच्या नव्या बुटाची टाच तुटली. लॉन्ड्रीत लोकांच्या शर्टांना इस्त्री करकरून घेतलेले बूट! टाच हातात नाचवत, अनवाणीच, ती तरातरा पियानोपाशी गेली.

“अहो पियानोवाले, मागे कुत्रं लागलंय का तुमच्या?”

पियानोवर बसलेला अँब्रोज, नव्या कोऱ्या बँडचा नवा कोरा म्होरक्या, घाम पुसत म्हणाला, “कुत्रं नाही... मालक. आज लोक नाचले नाहीत, तर उद्यापासून इथे दुसरा बँड.”

तिने मागे पाहिलं. नाचणारे धापा टाकत भिंतीला टेकले होते. दारात मालक हाताची घडी घालून उभा. तिचा राग निवळला. पियानोवाला मेला घाबरट होता खरा, पण डोळे फार गोड होते.

“गाणं सुरू करण्याआधी पायाने चार ठोके देता ना? ते माझ्या पायांकडे बघून द्या.”

टाच पियानोवर ठेवून ती अनवाणी नाचू लागली. अँब्रोजने तिच्या पावलांवरून ठोके दिले, सॅक्सोफोनवाले त्यात अलगद शिरले आणि बघता बघता नाचघर भरलं. मालकाने हाताची घडी सोडली.

मग तो रिवाजच झाला. दर रविवारी अँब्रोज आधी तिचे पाय बघणार, मग ठोके देणार. बँडवाले एकमेकांना डोळे मिचकावायचे. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि एके दिवशी शिकागोच्या मोठ्या हॉटेलातून बँडला बोलावणं आलं – वर्षभरासाठी.

व्हर्डेल उसनं हसून म्हणाली, “तिथे कुणाचे पाय बघशील रे?”

तो पियानोवर बसला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत, नजर एकदाही खाली न नेता, त्याने चार ठोके दिले. ताल अगदी नेमका. लोक नाचू लागले. व्हर्डेल मात्र जागच्या जागी उभी. म्हणजे... याला आपली गरजच नव्हती?

गाणं संपताच ती पुढे झाली. “लबाडा! कधीपासून जमतंय हे?”

“दुसऱ्याच रविवारपासून.”

“मग इतके दिवस माझे पाय कशाला बघत होतास?”

“वर बघायची हिंमत होत नव्हती, व्हर्डेल...” त्याने खिशातून ती तुटकी टाच काढली. “तालासाठी नाही... माझ्यासाठी येशील शिकागोला? बायको म्हणून?”

तिचे डोळे भरून आले. तिने टाच त्याच्याच मुठीत दाबली.

“आधी ही बसवून आण. लग्नाला मी अनवाणी उभी राहणार नाही, सांगून ठेवते!”